दोघांत एक माउस

घणसोलीच्या शाळेत, दुसऱ्या मजल्यावर,
वीस संगणकांपैकी अकरा चालू.
वाय-फायचा पासवर्ड फळ्यावर खडूने लिहिलेला,
खाली ताकीद : पुसू नये.
खडूला एवढा मान मिळालेला
मी बऱ्याच वर्षांनी पाहिला.

प्रशिक्षक ओजस, चोवीस-पंचवीसचा.
आम्हाला सर-मॅडम म्हणतो
आणि 'एवढं सोपं तर आहे' असंही म्हणतो.
हे वाक्य मी आठवी-बमध्ये कितीदा वापरलंय
ते मोजायला त्याच्याच तक्त्यातली बेरीज लागेल.

शेजारी भूगोलाचे मढवी सर.
दोघांत एक माउस.
ते तो उचलूनच धरतात, डस्टरसारखा,
बाण कुठल्यातरी कोपऱ्यात जाऊन बसतो
आणि सर पडद्याची काच बोटाने पुसतात.
मी हसले नाही.
काल मला 'ळ' सापडत नव्हता.
सव्वीस वर्षं मराठी शिकवून
'फळा' मी 'फला' असाच सोडून दिला,
आणि कुणी बघितलं का म्हणून मागे वळले,
शेवटच्या बाकावरची मुलं वळतात ना, तशी.

तिसऱ्या दिवशी नकाशा. आकाशातून घेतलेला, खराखुरा.
'घराजवळची एखादी जागा शोधा,
तिला नाव नसेल तर नाव द्या,
वर्गात मुलांकडून हेच करून घ्यायचं.'
सगळे आपापल्या सोसायट्यांवर उतरले.
कुणाला गच्चीवरची निळी टाकी दिसली,
शेजवलकर बाईंनी तर वाळत घातलेली चादर ओळखली,
तीही स्वतःचीच, असं त्यांचं म्हणणं.

मढवी सर घरावर थांबले नाहीत.
माउस त्यांच्या हातात कधी बसला
मला कळलंही नाही.
पामबीचचा रस्ता ओलांडून, खारफुटीच्या कडेकडेने
सर निघाले, आणि एका ठिकाणी उभे राहिले.
'इथं उघाडी होती.
भरतीला बंद करायची, ओहोटीला सोडायची.
बापूस रातचा उठून जायाचा,
कंदील माझ्याकडं.'
अकरा वर्षं एका स्टाफरूममध्ये काढली,
त्यांच्या तोंडून 'बापूस' मी पहिल्यांदा ऐकलं.
पडद्यावर तिथे एक करडा चौकोन,
एक क्रेन,
आणि क्रेनपेक्षा लांब तिची सावली.

'उघाडी' लिहायला सात मिनिटं लागली.
मी शिफ्ट दाबून धरलं, त्यांनी उ दाबला.
पुन्हा शिफ्ट, घ.
ड चौकोनी कंसाखाली दडलेला.
वेलांटी आधी ऱ्हस्व आली, ती त्यांनी स्वतःहून खोडली.
भूगोलाचे असूनही. हे माझ्या लक्षात राहिलं.

मग ओळ उमटली :
तुमची सूचना मिळाली. तपासणी बाकी आहे.

'तपासायला कोण येणार?' सरांनी विचारलं.
'येत नाही कुणी, सर. तिकडूनच बघतात.'
'तिकडून म्हणजे?'
ओजस थांबला. तीन दिवसांत पहिल्यांदा.
सर म्हणाले, 'असू दे.
आमच्या सातबाऱ्यालाही असंच म्हणायचे.'

शेवटी सगळ्यांना एक फॉर्म :
प्रशिक्षणातून काय शिकलात, पन्नास शब्दांत.
मी लिहिलं, ळ सापडला. शिफ्ट आणि एन.
उरलेल्या शब्दांचं काय करावं सुचेना.
सरांचा फॉर्म कोरा.
ते कुठल्याशा कोष्टकात डोकं घालून बसलेले,
ठाण्याची खाडी, आजची तारीख,
भरती रात्री दोन वाजून सहा मिनिटांनी.
बोटांच्या पेरांवर तिथी मोजून
त्यांनी हिशेब दोनदा पडताळला,
मग वही तपासून परत द्यावी
तसे पडद्याला म्हणाले,
'बरोबर आहे.'